न झालेला त्रास

लेथ फिरत असतानाच वकिलाने मागून येऊन टर्नरच्या खिशात हात घातला, सिगारेटचं पाकीट काढलं आणि शेजारच्या डब्यातल्या जळक्या तेलात टाकलं. पाकीट बुडेना. मग बारक्याने पान्याच्या टोकाने ते खाली दाबून धरलं, तेव्हा कुठे चार बुडबुडे वर आले.

टर्नरने लेथ बंद केला. लोखंडाचा तुकडा पकडून फिरणारा चक गरगरत थांबला.

"घाल शिव्या," वकील म्हणाला. "पोटभर घाल. पण आता पाकीट मिळायचं नाही."

"भरलेलं होतं रे."

"मग भरल्या पाकिटावर पाणी सोड. हे बघ, तुला एकट्याला उपाशी ठेवत नाही." त्याने स्वतःचंही पाकीट काढलं, एकदा नाकाशी नेऊन हुंगलं आणि त्याच डब्यात टाकलं. "आजपासून दोघांचीही बंद. बारक्या साक्षीदार."

वकील काही खरा वकील नव्हता. बसगाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता. बोल्ट उलटा बसला तर त्यात बोल्टचीच चूक कशी, हे तो सुपरवायझरला अर्धा तास पटवून देई, म्हणून ते नाव पडलं होतं. बारक्या स्टोअर सांभाळायचा आणि स्टोअरच्या दारातून आडवा होऊन आत जायचा. छातीत कळ आल्यापासून पाच वर्षं त्याने विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. चौथा पेंटर. तो कधीच ओढत नसे, पण टायरच्या ढिगामागे हे तिघे बसत तेव्हा गप्पांसाठी तोही धुरात येऊन बसे. वीस वर्षं असंच चाललं होतं.

टर्नरची बायको जाऊन सव्वा महिना झाला होता. फुप्फुसांनी दगा दिला. तिने जन्मात कधी सिगारेट ओठाला लावली नव्हती. यावर वर्कशॉपमध्ये कोणी चकार शब्द काढला नव्हता. आणि काढला नव्हता म्हणूनच सगळ्यांच्या मनात तो होता. त्या दिवशीही वकील एवढंच म्हणाला, "झालं ते झालं. पण पोरीला आता तू एकटाच आहेस. तुझ्यासाठी परत खांदा द्यायला मी येणार नाही, सांगून ठेवतो."

संध्याकाळी पेंटरने लेथजवळच्या खांबावर पांढऱ्या रंगात एक सुबक आकडा काढला, बसच्या पाटीवर काढतात तसा. एक.

टर्नर घरी आला तो मनाची तयारी करूनच. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी बायकोचा खोकला पहिल्यांदा महिनाभर रेंगाळला, तेव्हा त्याने सोडून पाहिली होती. पहिले दोन दिवस कसेबसे ढकलले. तिसऱ्या दिवशी जेवताना भाजीत मीठ कमी पडलं, एवढ्याच निमित्ताने त्याने ताट उचलून भिंतीवर मारलं. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. ती हातातला घास तसाच धरून बसली.

बायकोने भिंत पुसली. मग पायात चपला सरकवून ती खाली गेली. तीन मजले उतरली आणि तीन मजले चढली. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून ती थांबत होती. तिचं खोकणं खालून वर येताना घरात ऐकू येत होतं. आत आली आणि त्याच्यासमोर पाकीट ठेवून म्हणाली, "घ्या. घरात शांतता असू दे."

किती वेळ लावलास, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. ते तो कधीच विसरला नाही.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य रुजलं. ते त्यांच्या हातात नाही. बायको ते बहिणीला सांगायची, शेजारणीला सांगायची, लेकीला समजावताना सांगायची. दगडावर डोकं आपटून दगड फुटतो का, म्हणायची. टर्नरही मान हलवून म्हणायचा, काय करू, सुटतच नाही. शेवटी शेवटी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कोणी ओढतं का?" तेव्हा ती धाप आवरत म्हणाली, "नाही. ह्यांनी कधीच सोडली." टर्नर शेजारीच उभा होता. खिशातलं पाकीट दिसू नये म्हणून त्याने हाताची घडी घातली आणि तपासणी संपेपर्यंत ती सोडली नाही.

तर आता तिसऱ्या दिवसाची तो वाट पाहू लागला. कोणी वसुलीला येणार म्हणून दाराकडे बघत बसावं, तशी. लेकीशी बोलताना जीभ जपून वापरायची, ताटात पडेल ते मुकाट्याने खायचं, असं त्याने ठरवून टाकलं. तिसरा दिवस एका बसच्या ब्रेकड्रममध्ये गेला. ड्रमचा कीस पायाशी साचत राहिला, सुट्टीचा भोंगा झाला, आणि घरी येताना त्याच्या लक्षात आलं की दिवसभरात त्याला सिगारेटची आठवणसुद्धा झाली नाही.

म्हणजे आज रात्री, असं म्हणून तो आडवा झाला. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन अंथरुणावर आलं होतं.

चौथा दिवस गेला. सहावा गेला. टर्नर बुचकळ्यात पडला. मुद्दाम तो टायरच्या ढिगामागे जाऊन धूर काढणाऱ्या ड्रायव्हर लोकांत बसला. जळक्या चिंधीचा वास आला, बाकी काही नाही. ना हात कापले, ना तोंडाला कोरड पडली. एका ड्रायव्हरने पाकीट पुढे केलं. त्याने नको म्हटलं, आणि ते म्हणताना जिवावर आलं नाही. चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज ते तोंडातून गेलं.

तिथून मात्र तो तडक उठला. लेथपाशी येऊन त्याने कातायचा तुकडा चकात लावला, काढला, पुन्हा लावला.

हाल चालले होते ते वकिलाचे. त्याच्या हातून पाने निसटायचे. सुपरवायझरशी तर तो रोजच भांडायचा, पण आता वर्कशॉपच्या भटक्या कुत्र्याशीही भांडू लागला. लवंगा चावून चावून जिभेची साल गेली. दहाव्या दिवशी तो लेथला टेकून उभा राहिला. चेहरा ओढलेला, डोळे लाल.

"खरं सांग," तो हळूच म्हणाला, "तुला होतंय का असं?"

टर्नरने त्याच्याकडे पाहिलं. वकिलाची बोटं रिकामीच हलत होती, नसलेली राख झाडल्यासारखी.

"होतंय," टर्नर म्हणाला.

"कसं होतंय?"

"हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. आणि राग येतो. उगाच."

"अगदी!" वकिलाने मोठा श्वास सोडला. "मला वाटलं मीच एकटा भिकारडा. बायको म्हणाली, तो बघा कसा शांत आहे. म्हटलं, त्याच्या आत काय जळतंय ते त्यालाच ठाऊक."

त्या दिवसापासून टर्नर वकिलाकडे बघून बघून त्रास शिकला. वकील कपाळ चोळी, तसं तोही चोळे. वकील जे सांगे तेच दोन दिवसांनी आपलं म्हणून सांगे. बारक्या जाता-येता त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "टिक रे वाघा, माझं बघ, पाच वर्षं झाली." पेंटर रोज संध्याकाळी जुना आकडा खरवडून नवा काढायचा आणि मागे सरून, मान तिरकी करून तो बघायचा. त्या खांबाकडे पाठ करता यावी म्हणून टर्नरने आपलं स्टूल लेथच्या पलीकडे नेलं. आकड्यामुळे जीव कासावीस होत असेल, असं समजून बारक्याने स्टूल उचलायला हात लावला.

सव्विसाव्या दिवशी दुपारी वकील कुठे दिसेना. टर्नर त्याला शोधत टायरमागे गेला. वकील एका फाटक्या टायरमध्ये रुतून बसला होता. बोटांत अर्धी सिगारेट होती आणि तो चक्क रडत होता. पन्नाशीचा, मिशीवाला माणूस, नाक शर्टाच्या बाहीला पुसत.

"नाही जमत मला," तो म्हणाला. "तू एवढा डोंगर उरावर घेऊन टिकलास. आणि मला बघ. मला काय धाड भरलीय? बायको धडधाकट, पोरं मार्गी लागलेली. तरी जमत नाही. मी माणूसच नालायक आहे."

टर्नरने तोंड उघडलं. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. मला काहीच होत नाही रे. एक दिवस काही झालं नाही. एवढं सोपं होतं ते. पण हे शब्द एकदा बाहेर पडले की मागची आठ वर्षं त्यांच्यामागून बाहेर पडणार होती. ते तीन मजले आणि त्या डॉक्टरांचा प्रश्न, सगळं. तो शेजारच्या टायरवर बसला.

"विझव," तो म्हणाला. "उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. मी आहे ना."

वकिलाने विझवली. पेंटरला दोन आकडे काढावे लागू नयेत, म्हणून ही गोष्ट दोघांतच राहिली.

साठाव्या दिवशी रविवार आला. तिघेही चौकशीला म्हणून दुपारी टर्नरच्या घरी आले. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिने चहा केला. आई गेल्यापासून ती बापाशी कामापुरतं बोले. उद्धटपणे कधीच नाही. डबा भरलाय, पंखा बंद करा, दूध संपलंय, असं. पाहुण्यांशी मात्र ती हसून बोलली. बारक्याने एकाच खुर्चीत बसायचा प्रयत्न केला तेव्हा तर मोकळी हसली.

चहा झाल्यावर वकील उठून उभाच राहिला.

"पोरी, तुला ठाऊक नाही तुझ्या बापाने काय सोसलंय ते. मी जवळून पाहिलंय. मी मध्ये एकदा घसरलो, आज सांगतो सगळ्यांसमोर. ह्याने उठवलं मला. आज माझे चौतीस दिवस झाले ते ह्याच्यामुळे. ह्याला म्हणतात पोलादी माणूस."

"बस आता," टर्नर म्हणाला.

"का बस? तुझी आई वरून बघत असेल, पोरी, तर तिचाही जीव निवला असेल."

लेक दारात ट्रे घेऊन उभी होती. ती वकिलाकडे बघून हसली, पण मान हलवली नाही.

ते गेले. जिन्यावरून बारक्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. लेक कप गोळा करू लागली. टर्नर खिडकीशी बसला होता.

"खूप त्रास झाला का, बाबा?" तिने विचारलं. ती वाकलेलीच होती. हातातल्या बशा ती एकीवर एक ठेवत होती.

उत्तर तयार होतं. दोन महिने तो तेच घोकत आला होता. कपाळ चोळायला हातही उचलला गेला, आणि अर्ध्यावरून खाली आला.

"नाही," तो म्हणाला. "काहीच झाला नाही."

बशी बशीवर बसल्याचा आवाज झाला.

"एक दिवससुद्धा नाही. मला वाटलं होतं, होईल. मी वाट बघत होतो. झालाच नाही."

"माहीत आहे मला."

"तुला काय माहीत?"

"चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही घोरत होतात," ती म्हणाली. "मी दूध तापवत होते. आधी वाटलं, बरं नाही की काय. म्हणून दारात येऊन बघून गेले. गाढ झोपला होतात. लहान मुलासारखे." तिने रिकामी साखरेची वाटी ट्रेमध्ये ठेवली. "तेव्हाच कळलं."

"तुझी आई म्हणायची की—"

"आई म्हणायची," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

टर्नर वाट बघत राहिला. ती ओरडेल, रडेल, निदान त्याच्याकडे बघेल, असं त्याला वाटलं. तिने फडक्याने टेबलावरची चहाची वर्तुळं पुसली. एक वर्तुळ निघेना, त्यावर दोनदा फडकं फिरवलं.

"वकीलकाकांना नका सांगू," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांना खरंच जड जातंय. तुमच्याकडे बघून टिकलेत ते." तिने ट्रे उचलला. "आणि त्यांच्या घरी काकू आहेत."

टर्नरने मान हलवली. पण ती बघायला लेक थांबली नव्हती; स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला होता.