विस्तीनच्या ट्रेवरची गाठ

"हात उपडा लाव, चेट्टीना. तळव्याला घट्टे असतात, त्याला कळत नाही. ट्रे कोमट लागला तर बोलत बसायचं नाही, दार उघडं टाकून चालू लागायचं. आणि मी अंथरुणाला खिळलो किंवा गेलो, तर माझा बिनदोऱ्याचा ट्रे पाण्यात बुडवायला सांगायचं. माझ्या कामावर माया करू नकोस."

विस्तीन हे बोलला त्याला अकरा वर्षं झाली. शेजारच्या गावच्या साल्वूला पुरून दोघं घरी आली होती. मेलेल्या माणसाच्या ट्रेतली दारू साल्वूनं गोळ्यात भरायला घेतली होती, आणि ती हातातच उडाली. शवपेटीत घालायला फारसं काही उरलं नव्हतं. घरात शिरताच विस्तीननं बायकोचा हात गावच्या संताच्या, सान रोक्कूच्या, तसबिरीवर ठेवून वचन घेतलं. चेट्टीनानं दिलं. व्रत मोडणाऱ्यातली ती नव्हेच. बुधवारचा उपास, पहाटेची मिस्सा, जेवणाआधी जपमाळ, यातलं काही तिनं बाळंतपणातही चुकवलं नव्हतं.

माल्टातल्या त्या गावात संताच्या सणाचं शोभेचं दारूकाम गावचीच माणसं करत. कुणी गवंडी, कुणी कोळी, विस्तीन बसचा ड्रायव्हर. कामावरून सुटलं की शेतातल्या दारूकामाच्या एकट्या खोलीत जाऊन बसायचं, पैसा नाही की मजुरी नाही, सगळं रोक्कूसाठी. विस्तीनचा हात चमचमीच्या ताऱ्यांवर बसला होता; तारे म्हणजे गोळ्यात भरायच्या दारूच्या वड्या. आकाशात गोळा फुटला की त्याचे तारे आधी नुसते तांबूस निखारे होऊन खाली येत, वाटे विझले. आणि श्वासभर उशिरानं ठिणगीठिणगीला लख्ख फूल येई. गाव म्हणे, विस्तीनचा तारा आधी रडतो, मग हसतो.

खोलीचा नियम एकच होता: जो बनवतो तोच बांधतो. ओल्या पिठाचे तारे कापून ट्रेत सुकत ठेवायचे, तिसऱ्या दिवशी त्यातला एक लांब नेऊन जाळून बघायचा, मग ट्रेला लाल दोरा. दोरा नाही आणि बनवणारा नाही, तर ट्रे पाण्यात. आत काय पडलंय ते त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक?

मार्चमध्ये विस्तीन खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आदल्याच दिवशी त्यानं एक ट्रे भरला होता. ट्रे भरायला निघण्याआधी, सूप पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "सूप झालं का गं?" दोनदा. चेट्टीना हसली होती.

दफनानंतर ती त्याची टोपी आणि एप्रन आणायला खोलीवर गेली. फळीवर ट्रे होता, बिनदोऱ्याचा. त्यातल्या प्रत्येक ताऱ्याला त्याची बोटं लागलेली. एप्रनच्या खिशात दोऱ्याचं रीळ होतं. बाहेर पुरुष पिंपात पाणी भरत होते. तिनं दोरा तोडला आणि बांधला. तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं, की हे तरी बुडू नये.

आता ऑगस्ट; आज नोव्हेनाचा, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, आठवा दिवस. दुपारी झारेन, तिचा धाकटा दीर, दारात आला. हातात टोमॅटो चोळलेला पाव.

"वहिनी, आज चारला दादाचा गोळा भरायला घेतो. सणाला मूर्ती देवळाबाहेर आली की पहिला तोच उडणार. तुम्ही गच्चीवर बसा आणि मान वर करा."

"कॉफी घेता, भाऊजी?"

"तुमची ती बिनसाखरेची? नको. उपास तुमचा आणि तोंड माझं वाकडं." तो पाव चावत हसला. "एक सांगू? शेवटी शेवटी दादा मऊ झाला होता हं. जन्मभर त्याला चिडवलं, तुझी गाठ खलाशाची, दातानं सोडावी लागते. आणि त्या ट्रेला बघतो तर पोरीच्या रिबिनीसारखं फुलपाखरू. म्हटलं, वहिनींनी माणसाळवलं बाबाला."

चेट्टीनानं किटली खाली ठेवली. "उन्हाचं कशाला भरताय?"

"मग कधी, सण झाल्यावर? पडा जरा. चेहरा बघा कसा झालाय."

तो गेला. सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या दादाचं नाव त्याच्या ओठांवर इतकं गोड होतं, की शब्द मागे फिरले.

शनिवारी तिनं पापनिवेदनात सगळं सांगितलं होतं, तो दोरा आणि ते दोनदा विचारलेलं सूपही. जाळीपलीकडे देवळाचे पाद्री दुन आन्ज होते. ते म्हणाले, "क्षमा देवाकडची आहे, चेट्टीना. पण गोळा मी भरत नाही, झारेन भरतो."

तेव्हापासून पाच दिवस ती रोज देवळात गेली. साखर सोडली, गुडघे सुजेपर्यंत बसली. सगळी व्रतं पाळून वचन मोडता येतं, हे तिला या आठवड्यात कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला तो तारा बघायचा होता. एकदाच, रडून हसताना. पुढच्या वर्षी तो कुणाच्याच हातून व्हायचा नव्हता.

देवळाच्या घंटेनं तीन ठोके दिले. सगळी गल्ली खिडक्या लावून झोपली होती. चेट्टीनानं कात्री घेतली, मग परत खणात ठेवली. लोखंड त्या खोलीत न्यायचं नसतं, ठिणगी उडते. केसातली पिनही काढून तसबिरीपाशी ठेवली. फुलपाखराची गाठ, बोटांनी सुटेल.

तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि निवडुंगाच्या कडेनं शेताची वाट धरली. हातात जपमाळ होती, पण मण्यामण्याला ती एकच वाक्य घोळवत होती.

"भाऊजी, ती गाठ माझी आहे."