बैठकीच्या खिडकीतली वांगी

"मी काय आता गावाकडं येत न्हाई," धुरपदाबाईंनी संक्रांतीच्या दिवशी फोनवर सांगून टाकलं, आणि वर "तिळगूळ खा, गोड बोला" म्हणाल्या. मच्छिंद्रआबांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

झालं होतं असं, की दिवाळीच्या तोंडावर बाईंचा मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. पुण्याला ऑपरेशन झालं. तिथून त्या थेट दौंडला लेकीकडे गेल्या. अनिता एकुलती एक, नवरा रेल्वेत, घर तळमजल्यावर. संक्रांत झाली की आईला मांडवगणला आणून सोडायचं, असं ठरलं होतं. अन् आता ही बया म्हणते येत नाही!

"का न्हाई?" आबांनी विचारलं.

"येऊन काय करू? परसात वाकता येत न्हाई, खुरपं धरता येत न्हाई. खुर्चीत बसून नुसतं बघायचं व्हय, मला कोण च्या करून देतंय ते? कामाची न्हाई राहिले मी. इथं निदान नातवंडं हायत."

आता खरं सांगायचं तर त्याच क्षणी आबांनी म्हणायला हवं होतं, "धुरपदे, तुझ्याशिवाय घर खायला उठतंय." मनात तेच होतं. पण माणूस सोसायटीचा माजी चेअरमन! विनवणी करायची ती निवडणुकीत मतदाराची, बायकोची कशाला, असा त्यांचा खाक्या. ते म्हणाले, "बरं. बघू," आणि फोन ठेवला. मग मागच्या दारी जाऊन परसाकडे बघत उभे राहिले.

परस म्हणजे बाईंचं राज्य. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात वांगं, मिरची, टोमॅटो कधी विकत आलं नव्हतं. कोपऱ्यात ओवा, त्याला लागून तुळशी, कुंपणावर घेवडा. आबांचा तिथला संबंध जेवताना "हिरवी मिरची दे गं एक" म्हणण्यापुरता. त्यांचा सगळा जीव उसात. आता परसात नुसती वाळकी काटकं उभी होती आणि मधोमध भिंतीवरून उडून आलेल्या शेजारच्या दोन कोंबड्या माती उकरत होत्या. ते बघून आबांचं डोकं फिरलं.

"हिरवंगार करून दावतो," ते कोंबड्यांनाच म्हणाले. "मग कशी येत न्हाई, तेच बघतो."

आबांनी एकदा मनावर घेतलं की ते मागे हटत नसत, हे गावाला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवरून त्यांनी बिस्किटाचा डबा काढला. आत बाईंच्या घरच्या बियाणाच्या पुरचुंड्या होत्या, राखेत घोळलेल्या. वांगी, मिरची, टोमॅटो, तुळस. पलीकडच्या सुगराबी भिंतीवरून बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याची, इनुसची, गावाबाहेर पोल्ट्री. सुगराबींची आणि धुरपदाबाईंची मैत्री इतकी, की एकीच्या घरी फोडणी पडली तर दुसरी तिकडून मीठ बरोबर हाय का विचारायची.

"भाऊ, ह्या गारठ्यात बाहेर नका टाकू बी," त्या म्हणाल्या. "रुजायचंच न्हाई. घरात रुजवा, मोठी झाली की मग वाफ्यात लावा."

"घरात रुजवायचं मला शिकवता व्हय, भाबी?" आबा हसले.

हसायला कारण होतं. नवरात्रात घट बसवायचा मान त्या घरात आबांचा. देवघरात पत्रावळीवर माती पसरायची, सात धान्यं पेरायची, मधे घट ठेवायचा आणि रोज पाणी शिंपडायचं. आबांचं धान असं तरारून यायचं, की आळीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. जितकं उंच धान तितकं पीक जोरात, आणि रंग तर असा पिवळाधमक, की दसऱ्याला टोपीत खोवलं तर तुराच वाटावा. घरात रोप उगवायचं म्हणजे काय, हे आबांना कोणी सांगायची गरजच नव्हती!

तर त्यांनी निम्मं बी घेतलं आणि अगदी घटासारखंच पेरलं. तीच पत्रावळ, तीच काळी माती, तेच देवघर. आंघोळ करून रोज पाणी. दार लावून ठेवायचं, आत वारा नको. थोडे दिवस गेले आणि उगवलं की! आबांना हर्ष मावेना. रोपं रोज वर चढत होती, बारीक, सरळ, फिकट सोन्यासारखी.

त्यांनी ऐटीत दौंडला फोन लावला. "वांगी उगवलीत म्हटलं तुझी. चार बोटं उंच झाली."

"दोन पानांची आन् चार बोटं?" तिकडून बाई म्हणाल्या.

"मग! हात कुणाचाय?"

"रंग कसा हाय?"

"पिवळाधमक. सोनं नुसतं."

बाई हळूच "बरं" म्हणाल्या. आबांना वाटलं, गहिवरली असेल.

वाफा तयार होताच आबांनी रोपं बाहेर काढली. हौसरावाला मुद्दाम बोलावून घेतलं. हौसराव म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि मैत्री इतकी जुनी की एकमेकांचा पाणउतारा करायला दोघांनाही परवानगी. आबांनी एकेक रोप हळुवार लावलं, पाणी दिलं आणि दोघं चहाला आत गेले. ऊन वर आलं. परत येऊन बघतात तर सगळी रोपं आडवी! वाफ्यात कुणी दोऱ्याचे तुकडे सांडावेत, तशी पडली होती. आबांनी एक उचलून उभं केलं, ते दुसऱ्या अंगाला पडलं. संध्याकाळपर्यंत वाफ्यात ओल्या मातीशिवाय काही उरलं नाही.

हौसरावाने तोंड दाबून हसू आवरायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. "मच्छिंद्रा, आरं सोड नाद. शिरूरला नर्सरीत जाऊ, तयार रोपं आणू, दोन ट्रे लावले की झालं. वहिनीला काय कळतंय?"

"तिला कळतंय," आबा म्हणाले. "लोकाच्या परसातलं वांगं भाजीत पडलं तर पहिल्या घासाला ओळखती ती. तिला मी फसवू व्हय?"

हौसराव टोपी झटकून घरी गेला. आबा मात्र रात्रभर चरफडले. घटाचं धान जमतं आणि वांगं जमत नाही, म्हणजे काय? चूक कुठं झाली? विचारावं कुणाला? धुरपदेला विचारायचं तर हरलो म्हणून सांगावं लागणार, आणि ते तर जीव गेला तरी होणार नव्हतं.

उत्तर मिळालं ते उसात. सकाळी पाणी धरायला गेले तेव्हा विहिरीवरच्या कडुलिंबाखाली त्यांचं लक्ष गेलं. झाडाच्या सावलीतला ऊस दरवर्षीसारखाच बाकीच्यापेक्षा उंच, फिकट आणि काडीसारखा बारीक. वाऱ्याची झुळूक आली की आधी तोच लोळायचा. जन्मभर बघितलेली गोष्ट! आबांनी कपाळावर हात मारला.

"आयला! उजेड शोधत पळत्यात ही," ते मोठ्याने म्हणाले. "आन् मी त्यांना देवघरात कोंडून वर मिशीला पीळ देतोय!" घटाचं धान दसऱ्याला संपतं, त्याला पुढं जगायचं नसतं. वांग्याला उन्हाळा काढायचा असतो. एवढी साधी गोष्ट, आणि चेअरमनपदावर बसून आलेल्या माणसाला ती सुचली नव्हती. स्वतःवर ते असे चिडले, की पाणी तसंच सोडून घरी आले.

घरात भरपूर ऊन येणारी खिडकी एकच, बैठकीची. तिथं दिवाण होता, आणि त्या दिवाणावर गावातलं अर्धं राजकारण बसायचं. आबांनी दिवाण भिंतीला ढकलला. माळ्यावर उसाच्या रोपांचे जुने ट्रे पडले होते, ते धुतले, त्यात भुसभुशीत माती आणि चाळलेलं शेणखत भरलं. डब्यातलं उरलेलं बी काढलं. आता मात्र ते मोजून घेतलं, कारण हे गेलं की संपलं. एकेका कप्प्यात एकेक बी, वर मातीचा पातळ थर, आणि पाणी हाताने शिंपडून.

रात्रीच्या गारठ्यासाठी ते सुगराबींकडे गेले. झालेली फजिती त्यांनी घडाघडा सांगितली, फक्त "हिला कळवू नका" एवढंच वर जोडलं. सुगराबींनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. इनुसने पोल्ट्रीतल्या पिल्लांच्या उबेचा एक बल्ब आणून ट्रेवर टांगून दिला. "आबा, पिल्लांसारखंच करा," तो म्हणाला. "फार जवळ न्हाई, फार लांब न्हाई."

मग सुरू झाली आबांची खरी चाकरी. उन्हाबरोबर ट्रे फिरवायचे. एका अंगाला झुकलेलं रोप दिसलं की ट्रे दुसऱ्या अंगाला फिरवायचा. दुपारी ओट्यावर, ऊन उतरलं की आत. सुगराबी म्हणाल्या, रोपांवरून रोज हात फिरवा, वाऱ्याची सवय लागल, देठ जाड होतील. तर तेही सुरू झालं. सोसायटीच्या निवडणुकीची बोलणी करायला मंडळी आली, तेव्हा आबा ट्रेवरून हात फिरवत उभे.

"आबा, जरा बसता का?" कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही बसा खाली सतरंजीवर. आन् खिडकीत उभं राहू नका कुणी. ऊन अडतंय."

"येडा झाला हा," हौसराव म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तोच गुपचूप शेणखताची पाटी ठेवून गेला.

ही रोपं उंच झालीच नाहीत. ठेंगणी, जाड देठाची, काळपट हिरव्या पानांची झाली. वांग्याच्या पानावर लव आली, मिरचीला चौथं पान फुटलं, तुळशीच्या ट्रेवरून हात फिरवला की घरभर वास सुटायचा. आबांना पहिल्यांदा कळलं, की बाई सकाळी परसात इतका वेळ का रमायची. बायकोची आठवण तर रोजच यायची, पण त्या वासाने ती अशी काही आली, की ते तिथंच ट्रेजवळ खाली बसले आणि उपरण्याने डोळे पुसले. घरात कोणी नव्हतं, म्हणून बरं.

शिवरात्र झाल्यावर इनुस कोंबडीखाद्य आणायला पिकअप घेऊन दौंडला निघाला. आबा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर वांग्याचा ट्रे. भीमेचा पूल येईपर्यंत त्यांनी इनुसला चारदा गाडी हळू चालवायला सांगितलं.

अनिताने दार उघडलं आणि "आबा, हे काय?" म्हणून बघतच राहिली. धुरपदाबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. वाळल्या होत्या जरा. आबांनी काही न बोलता ट्रे त्यांच्या पुढ्यात ठेवला.

बाईंनी एक पान उलटून बघितलं. देठ चिमटीत धरून बघितला. बोट खुपसून मातीची ओल बघितली.

"चांगली झालीत," बाई म्हणाल्या. "जमलं की तुम्हाला." आणि ट्रे हळूच पुढं सरकवला. "मग आता माझं काय काम हाय तिथं?"

घ्या! ज्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच अंगाशी आला. अनिता स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आता चेअरमनकी उपयोगाची नव्हती.

"जमलं न्हाई धुरपदे," आबा म्हणाले. "पहिली समदी मेली. देवघरात घातली व्हती मी, घटावानी. निम्मं बी मातीत घालवलं तुझं. फोनवर थापा मारल्या."

"ठाव हाय मला."

"सुगराभाबीनं सांगितलं?"

"तिनं कशाला? पिवळाधमक म्हणाला न्हाई का तुम्ही. वांग्याचं रोप सोन्यावानी कवा असतंय व्हय?" बाईंच्या ओठाचा कोपरा हलला.

"मग बोलली का न्हाईस तवाच?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मला बघायचं व्हतं. रोपं मेल्यावर तुम्ही परत पेरताय का विकत आणताय."

आबा तिच्या खुर्चीपाशी फरशीवर बसले, लेकीदेखत. "मला वांगी नकोत," ते म्हणाले. "तू पाहिजेस घरात. बिनकामाची ये, खुर्चीत बस, दिवसभर मला शिव्या दे. पण ये. न्हाई करमत गं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. बोलल्या तेव्हा आवाज ओला होता. "मला वाकता येत न्हाई वो. दुसऱ्यानं लावलेलं नुसतं बघत बसायचं, ते न्हाई सोसायचं मला."

"तुला कोण वाक म्हणतंय?" आबांचा आवाज एकदम चढला, सभेत चढायचा तसा. "तू वाकू नको. मी वाफा वर आणतो. तुझ्या खुर्चीला लागंल एवढा वर आणतो. चारी बाजूनं विटा रचतो, माती भरतो. तू बसल्या जागी लाव, बसल्या जागी खुरप."

"एवढ्या विटा कुठनं आणणार?"

"परसाची भिंत पाडतो."

"भिंत पाडू नका, मेलं काहीतरीच!" बाई कडाडल्या. "सुगराबीच्या समद्या कोंबड्या आत आल्या तर एक रोप ठेवायच्या न्हाईत. गोठ्यामागं जुन्या विटा पडल्यात, त्या घ्या. आन् वाफा रुंद नको, मला पलीकडच्या कडंपर्यंत हात पोचला पायजे."

आबांनी फरशीवर बोटाने वाफ्याची रुंदी आखून दाखवली. बाईंनी ट्रे परत आपल्याकडे ओढला, मांडीवर घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अने, माझी काठी आन् औषधाची पिशवी काढ. आन् इनुसला विचार, खाद्याच्या पोत्यांमधी ही खुर्ची मावंल का."