गोळी होल्ड करा

चुनीलाल पाटलांचं, म्हणजे आबांचं, हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी सुरतला व्हायचं होतं. त्याआधी एका सकाळी ब्राह्मणपुरीला त्यांच्या सुनेच्या, दीपमालाच्या, मोबाईलवर डॉक्टरांचा इंग्रजी मेसेज आला. आजपासून बीपीची गोळी ‘कंटिन्यू’, रक्त पातळ करायची गोळी ‘होल्ड’.

हृदयात स्टेंट बसल्यापासून ही दुसरी गोळी आबांनी कधी चुकवली नव्हती. चुकवली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

“होल्ड म्हंजे धरी ठेवो,” नवरा योगेंद्र केळीच्या मळ्यात निघता निघता म्हणाला. “सोडू नका. सरळ शे ना.”

दीपमालाही शाळेत तेच शिकली होती. तिने गोळी काढून आबांच्या हातावर ठेवली. पण मन मानेना. दोन्ही गोळ्या घ्यायच्याच, तर डॉक्टरांनी दोन वेगळे शब्द कशाला लिहिले?

“आबा, थांबा जरा.”

“काय व्हयनं वं बेटा? मी पाणी लिसनी बठेल शे.” आबांनी दुसऱ्या हातातला पेला दाखवला.

तिने मोबाईलवर अर्थ शोधला. धरणे, पेलणे, बाळगणे, सभा भरवणे... आणि पार खाली, रोखणे, थांबवणे. दिली तरी धोका, न दिली तरी धोका.

तिने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “होल्ड कीजिए,” आणि गाणं वाजू लागलं. इथे होल्ड म्हणजे फोन ठेवू नका! तशातही दीपमालाला हसू फुटलं.

मग फोनवर सिस्टर आली. ती इकडच्याच खापर गावची निघाली, मराठीतच बोलली.

“बंद ठेवायची, ताई. नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त थांबणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच लिहिलंय. आज दिली नाही ना?”

“नाही,” दीपमाला म्हणाली. तिने आबांच्या हातातली गोळी उचलली आणि तिथेच खाली बसली.

“मंग काही भेव नही ना?” आबांनी विचारलं.

“काही नाही, आबा. तुम्ही चहा घ्या.”

दुपारी योगेंद्रला कळलं. तो म्हणाला, “बरं व्हयनं, तू मन्हं ऐकं नही.”

ऑपरेशन नीट पार पडलं. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे दीपमालाने सिस्टरकडून मराठीत विचारून घेतलं. परतताना विसरवाडीला गाडी थांबली. चहा पिऊन आबा गाडीतच झोपले, आणि दीपमालाने कितीतरी दिवसांनी पोटभर भजी खाल्ली.