किटली गेली धाकट्याकडे

मित्रांनो, दिवाणखान्यात मला पाहून पाहुणे आधी फुलदाणी म्हणतात, मग बक्षिसाचा चषक म्हणतात. मी दोन्ही नाही. मी चहाचं पाणी तापवणारा जुना पितळी समोवार आहे. माझ्या पोटात पाणी असतं, पाण्याच्या मधोमध निखाऱ्यांची नळी, पुढे तोटी आणि डोक्यावर किटली. किटलीत चहाचा दाट अर्क मुरत ठेवायचा. तो कपात थोडा ओतायचा आणि वरून माझ्या तोटीचं कढत पाणी सोडायचं. ज्याला जसा हवा तसा, कडक किंवा फिका.

मला घडवणारा कारागीर हातोडीच्या आवाजाने पार बहिरा झाला होता. माझा नाद नीट लागतो का, हे तो पोटावर तळहात टेकवून पाहायचा. त्याने माझ्या अंगावर एक वेल कोरली आणि त्यातलं एक पान मुद्दाम उलटं काढलं. बायकोने कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "बाजारात हरवला तर ओळखू यायला नको?"

मी हरवलो नाही. दोन भावांनी मला घरी नेलं. त्यांचा पुस्तकं बांधायचा कारखाना होता आणि घर त्याच्याच मागे. दुपारी चार वाजले की कागद कापायचं यंत्र थांबायचं. खळीने चिकट झालेले हात धुऊन सगळे माझ्याभोवती जमायचे. थोरली जाऊ अर्क ओतायची, धाकटी पाणी सोडायची. कुणाला किती हे दोघींना तोंडपाठ होतं. थोरल्या भावाला अर्धा कप अर्क लागायचा. धाकटा चिडवायचा, "दादा, हा चहा आहे की शाई?" माझ्या पोटातलं पाणी तेव्हा नुसतं हलत नसे, आनंदाने खदखदत असे.

मग एक दिवस भाऊ भांडले. धाकट्याला नवं शिवणयंत्र आणायचं होतं. थोरला म्हणाला, "हाताने शिवलेलं पुस्तक आजोबा वाचतो तसंच नातूही वाचतो. यंत्राचं किती टिकतं ते बघू." शब्दाने शब्द वाढला. दोघेही हट्टाला पेटले. कारखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली, घरातही राहिली. भांड्यांची वाटणी होताना माझ्यापाशी येऊन सगळे अडले. शेवटी थोरला रागाने म्हणाला, "समोवार माझा, किटली त्याची. झालं समाधान?"

अकरा वर्षं माझं डोकं उघडं राहिलं. थोरली जाऊ रोज चारला माझ्यात पाणी तापवायची आणि चहा पातेल्यात करायची. थोरला एक घोट घेऊन कप बाजूला सारायचा. भिंतीपलीकडून किटलीच्या झाकणाचा आवाज यायचा. तो मला ओळखू यायचा, आणि तिलाही. आवाज आला की तिचे हात क्षणभर थांबायचे.

बाराव्या वर्षी थोरल्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं, तर पाण्याचा थेंबही घेईना. तोंड फिरवायचा. वैद्य म्हणाले, "काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता दार वाजलं. धाकटी जाऊ उभी होती. पदराखाली टॉवेलात गुंडाळलेली किटली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "पाणी ठेवलंय का?"

"ठेवलंय," थोरली म्हणाली. "अकरा वर्षं ठेवलंय."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. किटली मधे चेपली जायची, थोडक्यात वाचली.

धाकटा भाऊ चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. थोरल्याने त्याला पाहिलं. बोलता येत नव्हतं. त्याने डावा हात उचलला आणि अंगठा नि बोट फाकवून माप दाखवलं. अर्धा कप. धाकटा आत आला. त्याने स्वतः अर्क ओतला, पाणी सोडलं आणि चमच्याचमच्याने भावाला पाजलं. "घे दादा, तुझी शाई," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. थोरल्याने सगळा कप संपवला.

त्यानंतर थोरला तीन वर्षं जगला. त्या तीन वर्षांत एकाही दिवशी चार वाजता माझे निखारे विझलेले नव्हते.

पुढे घरात विजेवरचं भांडं आलं, चहाच्या पुड्या आल्या. मला बाहेरून घासूनपुसून काचेच्या कपाटावर बसवलं. नळीत मोरपिसं खोचली. लोक "काय सुंदर!" म्हणत. पाणी मात्र कुणीच मागत नसे. आतली कल्हई उडाली, तोटी घट्ट बसली. कौतुकाने अंग चमकतं, मित्रांनो, पण पोट रिकामंच राहतं.

गेल्या महिन्यात थोरल्याच्या नातीने वायरमनला बोलावलं. माझा दिवा करायचा होता. त्याने मोरपिसं काढली, मला उलटं केलं आणि बुडाला भोक पाडायला घेतलं. तेवढ्यात नळीतून भसकन राख सांडली. पांढरी स्वच्छ फरशी काळवंडली.

"अय्या! ही कसली घाण?" नात म्हणाली.

कोपऱ्यात बसलेली धाकटी जाऊ काठी टेकत उठली. त्या पिढीतली आता ती एकटीच उरली आहे. "घाण नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या शेवटच्या चहाची राख आहे. चहा पिऊन ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी राख काढायचं कुणाला सुचणार? आणि नंतर हा पुन्हा पेटलाच नाही."

नात खाली बसली. वायरमनने न सांगताच भोक पाडायच्या यंत्राची वायर काढली. मग धाकट्या आजीने तिला सगळं सांगितलं, भिंतीपासून किटलीपर्यंत. वायरमनही ऐकत बसला. बुडाला अर्धवट भोक पडलं होतं. ते बुजवून कल्हई करणारा माणूस शोधायला नातीला आठ दिवस लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. तिला फुलं खोचण्याआधी, भोक पाडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, "ही कशी वापरायचात?" आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.