वाऱ्याचा आग्रह

दशरथ सुर्व्यांनी गाडी घेतली होती. जुनीच, पण एसीची. आणि हाटकेश भागातल्या त्यांच्या अख्ख्या इमारतीत एसी म्हणजे तेवढाच. शेजारच्या काशीनाथला त्याच्या भाचीच्या लग्नासाठी ठाण्यापर्यंत सोडतो म्हणाले, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. काशीनाथ पुढे, मानाच्या जागी बसला. बायको शैला मागे, पैठणी सांभाळत.

काशीनाथच्या अंगी नातेवाइकांना मान्य असा गुण एकच, आवाज. भाचीसाठी मंगलाष्टका त्यानेच रचल्या होत्या. चालही त्याचीच, दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आठवडाभर ताक वर्ज्य करून तो ज्येष्ठमध चघळत होता.

"कसं वाटतंय?" दशरथरावांनी विचारलं.

"वा, छान गार आहे."

पंगतीत पहिल्याच जिलबीची तारीफ करणाऱ्याचं जे होतं, तेच झालं. दशरथरावांनी एसीच्या मधल्या दोन्ही जाळ्यांच्या पट्ट्या त्याच्याकडे वळवल्या. वारा थेट गळ्यावर.

काशीनाथने सहज हात लागल्यासारखं करून एक पट्टी वर ढकलली. दशरथरावांनी ती खाली आणली. "संकोच नको, काशीनाथराव. तुमच्यासाठीच लावलाय."

"तुम्हालाही थोडा..."

"आमचं काय, आम्ही रोजचेच."

काशीनाथने काच उतरवायला हँडल धरलं.

"अहं, गारवा पळतो."

मागे शैला पदराने वारा घेत होती. "असू द्या भावजी," ती म्हणाली, "यांना पंख्याखालीसुद्धा घाम येतो."

बायको मदतीला आली, ती अशी.

घोडबंदरच्या पुढे घाटात ट्रक आडवा झाला होता. गाडी थांबली, वारा थांबला नाही. काशीनाथने गळ्याला रुमाल गुंडाळला, तर घाम पुसतोय समजून दशरथरावांनी बटण आणखी फिरवलं. उतरून चालत सुटावं असं त्याला वाटलं. पण लोकाच्या गाडीतून उतरणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं.

घसा खवखवायला लागला तेव्हा मात्र त्याने ठरवलं, आता भीड बस्स. आयुष्यात पहिल्यांदाच. दशरथरावांकडे वळून तो म्हणाला, बंद करा हा वारा.

ओठ हलले. आवाज आलाच नाही.

त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला. मग घाबरून गळ्याकडे बोट दाखवलं, नंतर जाळीकडे.

दशरथरावांचा चेहरा खुलला. "हे बरं केलंत. मागून घेणारा माणूस मला आवडतो," म्हणत त्यांनी स्वतःच्या बाजूची जाळीही त्याच्याकडे वळवली.