लोण्याची कबुली

नर्सने वजनकाट्याचं बटण दाबलं, तसा तिने नवऱ्याच्या कोपराखालचा हात काढून घेतला. आधार दिला तर आकडा खोटा येईल, एवढी शिस्त मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या वर्षांनी तिच्या अंगात मुरवली होती. तो एकटाच उभा राहिला, किंचित डुलत, जबडा आवळून.

"त्रेपन्न पॉइंट चार," नर्स म्हणाली. "दोन किलो वाढलं की हो!"

"दोन पॉइंट दोन," त्याने दुरुस्ती केली. जीभ जड झाली होती, पण जन्मभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला एवढीशीही कसर खपत नसे.

मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायू झिजतात. वजन टिकवलंत तर अर्धी लढाई जिंकलीत, असं डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी बजावलं होतं. तेव्हापासून ती कंबर कसून त्याला लोणी, साय, अंडी भरवत होती. याच लोण्याला बारा वर्षांपूर्वी तिने घरातून हद्दपार केलं होतं. त्याचं कोलेस्टेरॉल दोनशे बासष्ट आलं त्या दिवशी.

आज खरं तर मिरवायचा दिवस होता. पण तिच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि या आजाराचा धोका यांत काहीतरी संबंध दिसतो, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्याच्यासमोर विचारायचं नव्हतं, पण तो खुर्चीतून हलेना. शेवटी तिने कात्रण टेबलावर सरकवलं.

"मी बारा वर्षं यांचं लोणी तोडलं, डॉक्टर. म्हणून तर..."

तिने कात्रण आणखी पुढे ढकललं.

डॉक्टरांनी चष्मा चढवून कात्रण वाचलं. "हजारो माणसांचं रक्त तपासून दिसलेला हा कल आहे. चांगलं कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत धोका जरा कमी आढळला. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. लोणी सोडलं म्हणून आजार झाला, असं यात कुठेही नाही."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

तिने मान डोलावली. पण कात्रणाची घडी ती घालतच राहिली. अर्धी, पाव, नखाएवढी. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"हेडमास्तर," तो म्हणाला. घरात तो तिला हेच म्हणे. "एक सांगायचं राहिलंय. दुकानाशेजारचा बेकरीवाला... रोज अकरा वाजता... गरम पाव आणायचा. त्यावर लोण्याचा गोळा." आखडलेल्या बोटांनी त्याने माप दाखवायचा प्रयत्न केला. "बारा वर्षं. एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरांनी समोरची फाइल उघडली. दरवर्षीचे रिपोर्ट तिनेच तारीखवार लावले होते. दोनशे बासष्ट, दोनशे एकतीस, दोनशे दहा, मग एकशे अठ्ठ्याऐंशी. आणि पुढे सगळे त्याच्याच आसपास. तेव्हाच्या डॉक्टरांनी एका रिपोर्टवर लिहिलं होतं: 'गोळी न घेता! केवळ पथ्यावर. शाब्बास.' डॉक्टरांचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

तिनेही ती ओळ वाचली. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो हनुवटी उचलून बसला होता, कुणालाच न उघडता आलेली तिजोरी एका खिळ्याने उघडून दाखवल्यासारखा.

तिने फाइल ओढून फटकन मिटली.

"बारा वर्षं!" शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो आवाज निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बाहेर पडला. "अहो, मी इथे कोरडे पाव चावत बसले तुमच्या सोबतीने, आणि तुम्ही तिकडे गोळे हाणत होतात? आणि तोंड वर करून मला 'आज काहीच खाल्लं नाही' म्हणायचात! लाज नाही वाटली?"

नर्स दारातून डोकावली. त्याचे खांदे हसण्याने गदगदत होते.

तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. बोलणं चालूच होतं. व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, फाटकापर्यंत. बाकावर बसलेले लोक माना वळवून बघत होते. तो मात्र एखादी मिरवणूक निघाल्यासारखा छाती काढून, एकेक पाऊल टाकत चालला होता.

फाटकाबाहेर ती दम घ्यायला थांबली.

"मोठा असायचा गोळा," तो म्हणाला.

"किती मोठा?" तिने विचारलं, आणि त्याला सावकाश सांगता यावं म्हणून कडेच्या कट्ट्यावर त्याच्याशेजारी बसली.