चार वेळा डी

ऑफिसात त्यांना सगळे बोकाकाका म्हणायचे. त्यांच्या टेबलावर माऊस नव्हता. नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेला माऊस त्यांनी पहिल्याच दिवशी वायरीसकट काढून खणात टाकला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, या खोलीत उंदीर टिकायचा नाही, इथे बोका बसलाय. नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही आता बावीस वर्षं झाली होती.

ते ऑफिस म्हणजे शहराचा रुग्णवाहिका कक्ष. मोठ्या दालनात डझनभर माणसं कानाला हेडफोन लावून बसलेली असत. कोणी जिन्यावरून पडलं, कोणाच्या छातीत कळ आली, की फोन तिथे यायचा. कॉम्प्युटर पत्त्यावरून वस्ती ओळखायचा आणि जवळच्या ठाण्याला निरोप द्यायचा, गाडी काढा. कोणत्या वस्तीला कोणतं ठाणं, हे त्याला एका फाइलीतून कळे. साधीच फाइल, एका ओळीत एक वस्ती, अशा तीनशेबारा ओळी. एखाद्या वस्तीची ओळच सापडली नाही, तर निरोप मुख्य ठाण्याला जायचा, आणि ते होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ही फाइल काचेच्या दाराआडच्या खोलीत, बोकाकाकांच्या ताब्यात होती.

फाइल बदलायला काका एक जुना एडिटर वापरत. काळी स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं. ना बटणं, ना चित्रं, सगळा कारभार कीबोर्डवर. त्याच्या दोन अवस्था. एकीत तुम्ही दाबाल ते अक्षर उमटतं. दुसरीत काहीच उमटत नाही, तिथे प्रत्येक कळ म्हणजे हुकूम. एक्स दाबलं की एक अक्षर उडतं, डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ जाते, यू दाबलं की गेलेलं परत येतं. नवख्याला त्यातून बाहेर कसं पडायचं हेसुद्धा कळत नाही. काकांना मात्र तो हातचा मळ होता. कोणाशी बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत, ते दहा ओळी इकडच्या तिकडे करायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस पेटी वाजवतोय.

त्या खोलीत दुसरं टेबल होतं नवीचं. तिला येऊन दोन वर्षं झाली तरी ती नवीच होती. कामाला चोख, पण त्या एडिटरपुढे तिची पाचावर धारण बसायची. तिने दोनदा लेखी सुचवलं होतं, की एवढी महत्त्वाची फाइल अशा एडिटरमध्ये बदलू नये, निदान एकाने बदलावी आणि दुसऱ्याने तपासावी. काकांनी ते हसण्यावारी नेलं. ‘‘बोटांवर विश्वास ठेवायला शीक,’’ ते म्हणाले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे कक्षाच्या प्रमुखांनीही, काकांचा शब्द मानला.

हे झालं तेव्हा काकांची बोटं शाबूत होती. मग आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी, चहाची बशी उचलताना, उजवा हात आपल्या आपण हलला. बशी किणकिणली. थंडी असेल, असं काकांनी स्वतःला सांगितलं. पुढे उन्हाळा आला तरी थंडी काही जाईना. हात मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, जणू मळलेल्या कणकेची गोळी करताहेत. काकांनी हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. तिला चाळिशी लागल्यापासून रोज संध्याकाळी काकाच दहा-बारा सुया ओवून देत. आता ते म्हणू लागले, हल्ली सुयांची नेढी बारीक करतात, लबाड झालेत कारखानदार. तिने सुया बदलल्या. काकांनी मग डोळ्यांना दोष दिला.

ऑफिसात एक कळ दाबायची तर कधी तीच दोनदा दाबली जाई. काका यू दाबून गेलेलं परत आणत आणि पुढे जात. त्यांचा वेग कमी झाला, पण बघायला होतं कोण? फक्त नवीने एकदा विचारलं, काका, बरं वाटत नाही का? काकांनी झोप झाली नाही म्हणून सांगितलं.

शेवटी एका मंगळवारी त्यांनी गुपचूप मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, साडेचारची. घरी सांगितलं, मीटिंग आहे. ऑफिसात सांगितलं, बँकेत काम आहे. तीनच्या सुमाराला दालनातून निरोप आला, की पुलाजवळचं ठाणं दुरुस्तीसाठी बंद होतंय, त्याची वस्ती शेजारच्या ठाण्याला जोडा. दोन मिनिटांचं काम. काकांनी फाइल उघडली, पुलाच्या ओळीवर गेले, ती काढायला डी दोनदा दाबलं, तिथे नवी ओळ लिहिली, फाइल सेव्ह केली आणि बंद केली. मन सगळं डॉक्टरांकडे लागलेलं. चारला ते निघाले.

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ओळ पुढे पुढे मुंगीएवढी होत गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि हा बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो, हेही सांगितलं. काका गोळ्यांचं पाकीट बुटाच्या खोक्यात लपवून मोकळे झाले.

शनिवारी सकाळी गिरणीमागच्या वस्तीतून फोन आला. तिथला बेकरीवाला भट्टीसमोर कोसळला होता. गिरणीचं ठाणं तिथून सात मिनिटांवर. पण निरोप गेला मुख्य ठाण्याला, आणि गाडी पोचली एकतिसाव्या मिनिटाला. माणूस वाचला. पण त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटं आधी आणलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

सोमवारी बेकरीवाल्याची मुलगी ऑफिसात आली. तिशीची, एका शाळेत भूगोल शिकवणारी. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, की आमच्या घराच्या गच्चीवरून ठाण्याच्या गाड्या दिसतात, मग त्यातली एक का आली नाही? मोठ्या बाईंनी फाइल उघडायला लावली, तेव्हा दिसलं, गिरणीमागच्या वस्तीची ओळच नाही. तीनशेअकरा ओळी.

चौकशी बसली. फाइलीवर शेवटच्या बदलाची वेळ होती मंगळवार, चार बत्तीस. काका आणि नवी, दोघं एकाच नावाने कॉम्प्युटरमध्ये शिरत, त्यामुळे कोणी बदल केला हे नुसत्या नावावरून कळत नव्हतं. पण दारावरच्या नोंदीत काका चारला बाहेर पडलेले. खोलीत उरली नवी. तिला विचारलं, तेव्हा तिने खरं तेच सांगितलं, की साडेचारला एका ठाण्याचा क्रमांक बघायला तिने फाइल उघडली होती. आत गेल्यावर काय दाबलं, काय नाही, तिला कळलं नाही, स्क्रीन भलतीकडे गेली. घाबरून तिने जे एक बाहेर पडायचं पाठ होतं ते दाबलं, आणि ते सेव्ह करून बाहेर पडणारं होतं.

‘‘माझ्याच हातून गेली असणार,’’ ती म्हणाली. सगळ्यांसमोर, काकांच्या समोर.

त्या क्षणी काकांनाही ते खरंच वाटलं, आणि लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

दुपारी खोलीत कोणी नसताना ते टेबलाशी आले. त्या एडिटरला काकांनी फार पूर्वी एक गोष्ट शिकवून ठेवली होती. कोणी फाइल सेव्ह केली, की त्याआधी ती कशी होती त्याची एक प्रत तो बाजूला ठेवायचा. नवीला हे ठाऊक नव्हतं, चौकशीवाल्यांनाही नाही. नवीने सेव्ह केलं, म्हणजे त्या प्रतीत तिच्या आधीची फाइल असणार, काकांनी सोडलेली. त्यांनी ती उघडली. पुलाची नवी ओळ जागेवर होती. तिच्या खाली गिरणीची ओळ असायला हवी होती. ती नव्हती.

काका खुर्चीत बसले. आता त्यांना सगळं दिसत होतं, जसं काही दुसऱ्याचा हात बघताहेत. डी दोनदा दाबायचं होतं. हाताने चारदा दाबलं. एक ओळ त्यांनी काढली, दुसरी थरथरीने. स्क्रीनने चकार शब्द काढला नाही, ओळी वर सरकल्या, आणि त्यांनी बघितलं नाही, कारण बावीस वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं.

ती प्रत पुसायला एक हुकूम पुरला असता. त्यांनी तो लिहिलासुद्धा. मग नवी जेवणाचा डबा धुवून आत आली, डोळे सुजलेले, आणि तिने विचारलं, काका, राजीनामा कोणाच्या नावे लिहितात? काकांनी लिहिलेला हुकूम एकेक अक्षर करून खोडला. पण मोठ्या बाईंच्या नावे लिहितात, एवढंच सांगितलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बायकोने काय झालं विचारलं. काकांनी आधी बेकरीवाल्याचं सांगितलं, मग नवीचं, मग हाताचं. सगळं उलट्या क्रमाने. ती मशीनवर शिवत होती. तिने पाय थांबवला.

‘‘चार दुकानांच्या सुया आणल्या मी,’’ ती म्हणाली. ‘‘चार. तुम्ही माझ्यासमोर बसून नेढ्यांना शिव्या घालत होता.’’

काका म्हणाले, घाबरलो होतो. हात गेला तर माझ्यात काय उरतं?

‘‘ते नंतर बघू. त्या पोरीचा राजीनामा पोचलाय का?’’

‘‘उद्या देणार आहे.’’

‘‘मग तुम्ही तिच्या आधी पोचा.’’ एवढं बोलून ती पुन्हा शिवायला लागली, पण शिवण वाकडी गेली आणि तिला ती उसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी काका साडेआठलाच मोठ्या बाईंच्या दारात उभे होते. त्यांनी प्रत दाखवली, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, आणि खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी आपलं काम करत होती. मोठ्या बाईंनी विचारलं, नवीने सुचवलेली तपासणी लावली असती तर हे टळलं असतं का? काका हो म्हणाले. मग बाईंनी आपलाच नकाराचा शेरा असलेला नवीचा जुना कागद कपाटातून काढला, वाचला, आणि तोही चौकशीच्या फाइलीत लावला.

काकांना त्याच दिवशी कामावरून बाजूला केलं. नवीचा राजीनामा तिच्या पर्समध्येच राहिला. काका सामान आवरत होते तेव्हा ती समोर उभी राहिली. तिने आभार मानले नाहीत. म्हणाली, काल दुपारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं. काकांनी होकारार्थी मान हलवली. ती फोन घ्यायला गेली.

चौकशीचा निकाल यायला महिने लागणार होते. काकांना तेवढं थांबवेना. आठवड्याने ते स्वतःच बेकरीवाल्याच्या घरी गेले. भट्टी बंद होती, पण पिठाचा वास जिन्यापर्यंत होता. आत पलंगावर बेकरीवाला उशांना टेकून बसला होता आणि त्याची मुलगी त्याला चमच्याने पेज भरवत होती. काकांनी आपण कोण ते सांगितलं. तिने वाटी खाली ठेवली, वडिलांचं तोंड पुसलं, आणि त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

काकांनी सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं,

‘‘हात कधीपासून थरथरतोय?’’

‘‘आठ महिने.’’

‘‘आणि ऑफिसात कोणाला सांगितलं होतं?’’

‘‘कोणालाच नाही.’’

आतून बेकरीवाल्याने काहीतरी आवाज काढला. शब्द नव्हता तो. मुलगी आत जाऊन आली. काकांना वाटलं, आता ही आपल्याला बाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण तिने शाळेची एक वही आणली, मधलं कोरं पान फाडलं, आणि पेनासकट त्यांच्यासमोर ठेवलं.

‘‘आता जे बोललात ते लिहून द्या. तुमच्या हाताने.’’

काकांनी पेन उचललं. पहिला शब्द कसाबसा धड उमटला. दुसऱ्या ओळीपासून अक्षरं बारीक होत गेली, एकमेकांवर चढली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. एक पान लिहायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती समोर बसून होती. तिने मदत केली नाही, आणि राहू द्या असंही म्हणाली नाही. एके ठिकाणी शब्द लागेना, तेव्हा तिने तो वाचून दाखवायला सांगितलं आणि पुन्हा लिहायला लावला.

त्यांनी खाली सही केली. सही त्यांची वाटत नव्हती.

‘‘तारीख टाका,’’ ती म्हणाली.

काकांनी तारीख टाकली. तिने कागद घेतला, शाई वाळावी म्हणून थोडा वेळ हवेत धरला, आणि वडिलांना दाखवायला आत घेऊन गेली. काका बाहेरच्या खोलीत बसून राहिले. जावं की थांबावं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.